पाठमोरा

"पण त्याच्यात असं आहे तरी काय, वस्ताद?"

भैरू चौगुलेनं हे सगळ्या पोरांसमोर विचारलं. आवाज खाली ठेवायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

बाबालाल वस्ताद कोपऱ्यातल्या बाकावर बसून एका जुन्या डंबेलचा गंज घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाच्यात?"

"निनादच्यात. दुसऱ्या कुणाचं नाव घेतो का मी हल्ली?"

"न्हाई. आईचं बी घेत न्हाईस."

मिरजेतल्या त्या तालमीत एके काळी लाल माती होती. आता तिथं लोखंड आणि आरसे आहेत. वस्ताद तेवढे जुनेच राहिले. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेला पोरं तयार करायची आणि स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाच्या पाठीला स्वतःच्या हातानं रंग लावायचा, हे त्यांचं काम. दिव्याखाली अंग उठून दिसावं म्हणून तो गडद रंग लावतात. बाकी अंगाला ज्याचा त्याला लावता येतो, पाठीला मात्र दुसऱ्याचा हात लागतो.

या वेळी पंच्याहत्तर किलोच्या गटात तालमीचं एकच नाव जाणार होतं. ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. माणसं दोन होती, चौतिशीतला भैरू आणि बावीस वर्षांचा निनाद कुरणे.

निनादला बार कसा धरायचा हे भैरूनंच शिकवलं होतं. आज त्याच निनादनं पाण्याचा घोट घेतला तरी तो भैरूच्या घशात अडकायचा. हेवा म्हणतात तो हाच. त्याला दुसरं गोड नाव देण्यात अर्थ नाही.

"माझं हे शेवटचं वर्ष आहे, वस्ताद. पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय?"

"मग?"

"मग न्याय बघा की! मी आलो तेव्हा पंच म्हणायचे, अंगावर मास पाहिजे. मास चढवलं. मग म्हणाले, मास नको, कातीव पाहिजे, शिरा दिसल्या पाहिजेत. मीठ सोडलं, पाणी तोडलं, चक्कर येऊन पडलो. आता म्हणतात, एवढं थोराड नको, रेखीव पाहिजे, कंबर बारीक पाहिजे. आता कंबर कुठनं आणू? हाडं तासू?"

वस्ताद गंजावर फुंकर मारत म्हणाले, "आमच्या वेळंला पंच पोटावर बोट मारून बघायचा. टणक वाजलं की पयला नंबर. माझी कंबर नगाऱ्यागत हुती. तरी शाल मिळाली."

"आणि पुढं?"

"पुढं काय? शाल विरली."

भैरू चिडला.

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मी कुठं तसं म्हणलो? अंगण खरंच वाकडं हाय. दर धा वर्सानं वाकडं हुतंय… फकस्त दर बारीला येगळ्या बाजूला."

तेवढ्यात आरशासमोरून निनाद आला. घाम पुसत, हसत. त्याची नजर भैरूच्या खांद्यांवर जरा जास्तच वेळ थांबली.

"भैरूदा, खांद्याचा एक सेट बघता काय माझा? तुमच्यासारखे खांदे मला कधी यायचे हो?"

"येतील की. घाई काय?"

निनाद गेला. भैरूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. जळणाऱ्याला कौतुकसुद्धा टोमण्यासारखं लागतं.

"बघितलंत? खिजवून गेलं बेणं."

"मला तर त्यो इचारून गेल्यागत वाटला."

"तुम्हाला वाटणारच. आता तो लाडका तुमचा."

वस्ताद गंज घासत राहिले.

"माझं नाव पाठवा, वस्ताद."

"आन् न्हाई पाठवलं तर?"

"तर ही तालीम सोडतो. पुण्यात एकजण आहे, इंजेक्शनं देतो. तीन महिन्यांत कंबर आत घालतो म्हणतोय. जिवाचं काय व्हायचं ते होऊ दे."

वस्तादांचा घासणारा हात थांबला…

ते उठले. आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक फोटो होता.

"बस हितं. आजच्या दिवस पंच तू."

"मी?"

"तू. पयला नंबर ज्याला देशील, त्याचंच नाव पाठवतो. अल्लाशप्पथ."

भैरूनं संशयानंच फोटो घेतला. स्टेजच्या मागून, पडद्याआडून काढलेला. तीन माणसं पंचांकडे तोंड करून उभी. आतल्या बल्बच्या उजेडात फोटोत दिसत होत्या त्या तीन पाठी. पलीकडून दिव्यांचा झोत येत होता, त्यामुळं डोक्यांच्या नुसत्या काळ्या आकृती.

डावीकडचा ज्वारीच्या पोत्यासारखा भरलेला. उजवीकडचा काटकुळा. आणि मधला…

मधल्याची पाठ खांद्यांशी ऐसपैस पसरलेली आणि खाली येता येता कमरेशी पार निमुळती झालेली. फोटो कडेनं पिवळा पडलाय, हेही भैरूला दिसलं नाही. त्याला ती कंबर तेवढी दिसली.

"हा तोच."

"कोन?"

"सोंग करू नका, वस्ताद. निनाद. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"पंचानं नाव इचारू नये. पाठ बघ."

"बघतोय."

"खोट काढ."

भैरूनं फोटो डोळ्यांजवळ नेला. खोट काढायला त्याला सांगावं लागत नव्हतं. सहा महिने तो दुसरं काही करत नव्हता.

"रंग धड लावलेला नाही. हे बघा, उजव्या फऱ्यावर, खांद्याच्या पात्यावर… भोपळ्याच्या बीएवढा डाग कोरा राहिलाय."

"मार्क काप."

"कापले. आणि ही मान बघा! समोर पंच बसलेत आणि साहेब बघतायत डावीकडच्या शेजाऱ्याकडं. माज आहे, दुसरं काय?"

"त्येचं बी काप."

"कापले."

"आता नंबर दे."



पलीकडे कुणीतरी वजन जमिनीवर ठेवलं. फरशी हादरली. भैरू फोटोकडे बघतच राहिला. चौदा वर्षं त्यानं शरीरं बघण्यात घालवली होती. जीभ खोटं बोलली असती, पण डोळा ऐकत नव्हता.

"खोटं सांगितलंस तर मला काय कळनार हाय?" वस्ताद म्हणाले. "डावीकडला पयला म्हन. सुटलास."

"डावीकडचा नुसताच फुगलाय."

"मग?"

"…पंचाच्या जागी बसवलंत म्हणून सांगतो."

"सांग."

"पहिला… हा मधला."

निखारा थुंकावा तसा तो शब्द त्यानं बाहेर काढला. मग त्याला राहवलं नाही. डोळे भरून आले, आणि ज्याचा राग करायचा त्याच्यापुढं हात टेकल्यासारखा तो म्हणाला,

"असली पाठ मला मिळाली असती ना वस्ताद, तर जन्मात दुसरं काही मागितलं नसतं."

वस्तादांनी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला.

"हात मागं घे."

"कशाला?"

"घे. उजव्या फऱ्यावर बोट लाव."

भैरूनं उजवा हात पाठीमागं वाकवला. हात कमरेच्या वर सरकेना. डावा हात खांद्यावरून टाकला. दंड गळ्याशी अडला, छाती आडवी आली, बोटं खांद्याच्या काठावरच चाचपडत राहिली. त्यानं दात आवळून जोर लावला. ज्या हातांनी तो दीडशे किलो उचलायचा, ते त्याच्याच पाठीपर्यंत पोचत नव्हते.

"न्हाई पोचत?"

"नाही."

"पयलं पोचायचे."

वस्ताद त्याच्या मागं गेले. बनियनच्या गळ्यातून त्यांनी गंजानं माखलेलं बोट आत घातलं आणि एका जागी टेकवलं.

"हितं."



भैरू पाच वर्षांचा असताना मामाच्या गुऱ्हाळात उकळत्या काकवीचा थेंब त्याच्या पाठीवर उडाला होता. किती रडलास, हे आई सांगायची. तो डाग त्यानं स्वतः कधी बघितला नव्हता. पाठीवरचं कोण बघतो?

"भाजल्या कातड्यावर रंग धरत न्हाई," वस्ताद म्हणाले. "दर बारीला दोनदा चोळतो मी. तरी कोराच ऱ्हातो."

मग ते पुढं आले आणि तेच बोट त्यांनी फोटोवर ठेवलं. उचललं तेव्हा कोऱ्या डागाच्या जागी गंजाचा ठिपका उमटला होता.

भैरूनं फोटो हिसकून घेतला…

आता त्याला फोटोचा पिवळा पडलेला काठ दिसला. स्टेजवरची जुन्या पद्धतीची झालर दिसली. आणि डावीकडचा तो भरलेला माणूस, ज्याला त्यानं फुगलेला म्हणून उडवून लावला होता…

"हा… शिवलिंगअण्णा?"

वस्तादांनी मान डोलावली.

शिवलिंग माळी. भैरू वीस वर्षांचा असताना तालमीचा वाघ. त्या स्पर्धेत गट वजनाचे नव्हते, उंचीचे होते, म्हणून दोघं एकाच रांगेत उभे राहिले. पंचांनी शिवलिंगला पहिला नंबर दिला आणि भैरूला तिसरा. पोरगं बारीक आहे, कमरेला भरलेलं नाही, असं म्हणाले. त्यानंतर भैरू खात सुटला. उकडलेली अंडी मोजायची सोडून दिली. वजनावर वजन चढवत गेला. शिवलिंगसारखी छाती, शिवलिंगसारखं पोट, शिवलिंगसारखी मांडी. दोन वर्षांत ती कंबर कुठं बुडाली ते त्याला कळलंही नाही. आणि तो शिवलिंगएवढा झाला तोवर पंच बदलले होते.

"तवा बी तू हितंच हुबा हुतास," वस्ताद म्हणाले. "ह्याच बाकापाशी. 'त्याच्यात असं काय आहे, वस्ताद?' म्हनत रडत हुतास. फकस्त नाव शिवलिंगचं हुतं."

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं. चार मयने सांगितलं."

"मला आठवत नाही."

"तू शिवलिंगकडं बघत हुतास."

इतके दिवस भैरूनं दुसऱ्यांवर जळून घेतलं होतं. आता एका वीस वर्षांच्या पोरावर तो जळत होता आणि त्या पोराला शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

वस्तादांनी खिशातला मोबाईल काढला. डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला.

"हां, बाबालाल मुल्ला बोलतोय. पंच्याहत्तर किलोला आमच्या तालमीचं नाव लिवून घ्या… भैरू चौगुले… हां, चौगुले. न्हाई, दुसरं कुनी न्हाई."

त्यांनी फोन खिशात टाकला.

"वस्ताद, हे काय?"

"शब्द दिलता. पयला तू काढलास."

"पण तो… मी आता तो नाही."

"त्ये बघनं माझ्याकडं न्हाई. मी नाव इचारलं नव्हतं."

जे मागायला आला होता ते भैरूला मिळालं होतं. तोंडाला मात्र चव आली नाही.

आरशासमोर निनादचा सेट संपला होता. तो आरशात बघत होता. स्वतःकडे नाही. आरशातून बाकाकडे, भैरूच्या खांद्यांकडे. आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते भैरूनं लगेच ओळखलं, कारण सकाळी दाढी करताना स्वतःच्या डोळ्यांत ते तो रोज बघायचा.

भैरूनं फोटो बाकावर ठेवला. पुन्हा उचलला. खांद्यापासून त्या कमरेपर्यंत बोट फिरवलं, लहान मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.

"वस्ताद…"

"हं."

"ही पाठ माझी होती."

"व्हय."

"मग गेली कुठं?"

वस्ताद बाकावर बसले. डंबेल मांडीवर घेतलं, फडकं झटकलं आणि राहिलेला गंज घासायला लागले.

"त्येची मान बघ की… कुणीकडं वळलीय."