भिवराआत्याचं खळं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी एक आकडा सांगेन, आमचा चुलता दुसरा सांगेल आणि गोष्ट तिथंच अडकून पडेल. डोंगराच्या पायथ्याला चाळीस उंबऱ्यांचं आमचं बोरखळ गाव तेव्हाही होतं आणि त्या गावात भिवराआत्या होती, एवढं पक्कं धरून चला. ती आमच्याच घरातली. माझे खापरपणजोबा केरबा, त्यांची ती थोरली बहीण. केरबा तिला आक्का म्हणायचे, पण साऱ्या गावानं तिला आत्या करून टाकलं होतं.

नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली. विधवा पोरीशी दोन शब्द बोलायला त्या काळी कुणाला सवड नव्हती. मग तिनं आभाळाशी बोलणं धरलं. आणि एकदा धरलं ते असं, की म्हातारी झाली तरी सोडलं नाही.

रोज तांबडं फुटायच्या आधी ती मरीआईच्या टेकावर चढायची. वारा कुठून येतो ते गालावर घ्यायची. मुंग्या अंडी घेऊन कुठं निघाल्या, टिटवीनं यंदा ओढ्यात घातली अंडी की बांधावर, मडक्यातलं मीठ ओलसर लागतं का, सगळं तिच्या ध्यानात असायचं. लोक एकमेकांना भेटले की 'जेवलात का' विचारतात. आत्या विचारायची, "पश्चिमेचं ढग बघितलंस का?" केरबांच्या लेकीला स्थळ आलं, तेव्हा माणसं देण्याघेण्याचं बोलत होती आणि ही आतल्या दारातून विचारत होती, "तुमच्याकडं वळीव कुठल्या अंगानं येतो?" पाहुण्यांनी नीट उत्तर दिलं, म्हणून तिनं पोरगी द्यायला लावली. ती पोरगी सुखात नांदली हे मात्र खरं. आत्याच्या अंदाजावर बी पेरलं की उगवायचंच, असं म्हणतात.

पण एकदा ती चुकली. उगाच सारवासारव करत नाही, सरळ चुकली. फाल्गुनात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, मळणी चालली होती आणि ही धावत खळ्याच्या कडेला आली, "गारा येत्यात, उचला सगळं!" लोकांनी अर्धवट मळलेला माल भुसकटासकट घरोघरी नेऊन कोंबला. अंथरूण टाकायला जागा राहिली नाही. आणि त्या दिवशी आभाळ असं निरभ्र राहिलं, की घारसुद्धा दिसली नाही. मग काय, गावाला वर्षभराचा विषय मिळाला. "आत्या, आज गारा भाजून खायच्या का उकडून?" पाणवठ्यावर, देवळात, जिथं तिथं हेच. केरबांना लाज वाटली. ते म्हणाले, "आक्का, आता बास झालं. पुन्यांदा आभाळाचं नाव काढायचं न्हाई." आत्या "बरं" म्हणाली. टेकावर ती रोज जायची, पण खाली येऊन एक शब्द बोलायची नाही. केरबांचं घर त्या वर्षी फार मुकं झालं होतं, असं आमच्या घरात अजून सांगतात.

पुढच्या साली शाळू आला तो डोक्याच्या वर. त्याआधीची तीन सालं भूसच फार आणि दाणा थोडका, त्यामुळे हे पीक म्हणजे गावाचा जीव होता. आमच्या गावाची रीत अशी, की सगळ्यांचं खळं एकच. टेकाखाली सारवलेला मोठा माळ आणि त्यावर घरागणिक ढीग. मळणी झाली, बैल सुटले, आता फक्त उफणायचं राहिलं. तिपाई वावडीवर उभं राहायचं, सुपातून धान्य हळूहळू सोडायचं, वारा भूस उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो. पण वाराच नाही! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस पिंपळाचं पान हललं नाही. पुरुषमाणसं वावड्यांना टेकून तंबाखू मळत बसली होती.

नवव्या दिवशी आत्या टेकावरून आली आणि चुलीपुढं बसून राहिली. भाकरीला हात लावेना. केरबांनी ओळखलं.

"आक्का, काय दिसलं?"

"तूच म्हणालास न्हवं, नाव काढायचं न्हाई."

"आता मीच इचारतोय."

आत्या म्हणाली, "दिवस बुडायच्या आत गारा हायेत. लिंबाएवढ्या. त्याच्याआधी वारा सुटंल, चार घटका पुरंल एवढाच. तेवढ्यात उफणून दाणा घरात घेतला तर घेतला. न्हाईतर यंदाबी पोरं उपाशी."

केरबांनी काय केलं असेल? मागच्या सालाची लाज होती, पण बहिणीचा चेहरा समोर होता. ते उठले आणि तिला घेऊन खळ्यावर गेले. पाटलांनी ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "केरबा, एकदा फसलो. आता भुसासकट घरात भरायचं म्हटलं तर गाड्यांच्या दोनशे खेपा. अन् वारा कुठाय? तिला घरी ने. राशीवर तिची सावली पडाया नको."

हेही त्या काळचं सांगायलाच हवं. खळ्यावर लक्ष्मी बसलेली असते, तिथं विधवेनं पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. आत्या जन्मभर खळ्याच्या कडेला उभी राहिली होती. भावाच्या शेतातला दाणासुद्धा तिनं खळ्यावर हातात घेतला नव्हता.

त्या दिवशी तिनं पदर खोचला आणि सारवलेल्या माळावर पाय ठेवला. बायकांनी तोंडाला हात लावले. ती चालत गेली, सरळ पाटलांच्याच ढिगाजवळची वावडी तिनं ओढली आणि वर चढली. "केरबा, पाटी दे," म्हणाली. केरबांनी पाटी भरून वर दिली. तिनं सूप भरलं, हात उंच केले आणि वाऱ्याला हाक मारली. मंत्र नाही, श्लोक नाही. रुसलेल्या जावयाला बोलावं तशी बोलली: "ये की रं आता! आठ दिस झालं मान मागतोयस, किती मानपान करायचं तुजं?"

पिंपळाचं पान हललं नव्हतं, पण आत्याच्या सुपातलं भूस उडालं. तेवढ्याच वावडीपुरता वारा आला, असं म्हणतात. सगळं गाव बघत राहिलं. पिवळा धमक दाणा खाली आणि भूस पार ओढ्यापर्यंत. पाटलांनी पागोटं काढून काखेत मारलं आणि ओरडले, "बघताय काय? चढा वावड्यांवर!"

मग असा वारा सुटला आणि असं उफणणं झालं, की भुसाच्या ढगात माणूस माणसाला दिसेना. बायका पाट्या भरत होत्या, पोरं गाड्यांपुढं पळत होती. डोंगरमाथ्यावर काळाकुट्ट ढग येऊन उभा राहिला. आत्यानं वर बघून दटावलं, "थांब, अजून सात घरं ऱ्हायली." आणि दावणीची म्हैस थांबावी तसा ढग थांबला, असं म्हणतात. थांबणार नाही तर काय करेल? जन्मभराची ओळख होती.

एकोणचाळीस घरांचा दाणा गेला. राहिला केरबांचा ढीग. आत्यानं भावाचा ढीग मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोही उफणून झाला, पोती गाडीत गेली, शेवटची एक पाटी उरली आणि पहिली गार पडली. "आक्का, उतर! ऱ्हाऊ दे ती!" केरबा ओरडले. "पाटीभर म्हंजे धा दिसाच्या भाकऱ्या," आत्या म्हणाली, आणि तिनं ती पाटी पुरी केली.

गाव सांगतं, की गारा थांबल्यावर वावडीभोवती कोरडी जमीन होती आणि आत्या वाऱ्याबरोबर निघून गेली होती. गावानं खुशाल सांगावं. आमच्या घरात निराळं सांगतात. केरबांनी तिला पाठीवर घालून घरी आणलं. डोक्याला गारांचा मार बसला होता, अंगात ताप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे केरबा तिच्या उशाशी बसले होते. त्यांना बोलायचं खूप होतं, पण तोंडातून आलं एवढंच, "आक्का, आज आभाळ कसं हाय?"

आत्याचा चेहरा उजळला. ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "सोच्छ हाय. कापडं वाळत घाला." तेवढंच बोलली आणि गेली.

तेव्हापासून त्या माळाला भिवराआत्याचं खळं म्हणतात. आता मळणीचं यंत्र येतं, वाऱ्याची वाट कोण बघतो? तरी यंत्र सुरू व्हायच्या आधी गावातली एक विधवा बाई वावडीवर चढते आणि पहिलं सूप उफणते. सरपंच असो की आणखी कुणी, तो खाली उभा राहून विचारतो, "आत्या, आभाळ कसं हाय?" ती सांगेल तसं गाव वागतं.

यंदा वावडीवर सुगंधा होती. तीस वर्षांची, नवरा जाऊन वर्ष झालेलं. पहिलं सूप उफणून झालं, सरपंचांनी आभाळ विचारलं. "मला त्यातलं काय कळतंय?" ती म्हणाली. सरपंचांनी पुन्हा तेच विचारलं. तिनं बराच वेळ वर बघितलं आणि चाचरत म्हणाली, "मला भरवसा वाटंना. झाका सगळं."

आभाळ लख्ख निळं होतं. तरी यंत्र थांबलं, ताडपत्र्या आल्या, चाळीसच्या चाळीस ढीग झाकले. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, थेंब पडला नाही. तिसऱ्या दिवशी लोकांनी ताडपत्र्या काढून घड्या घातल्या, यंत्र चालू केलं आणि पहिलं पोतं सुगंधाच्या दारात नेऊन ठेवलं. कुणीही हसलं नाही.