गोदीचा खाका

फार पूर्वीची, एका चैत्र वद्य पंचमीची गोष्ट. आभाळ स्वच्छ होते, वारा पडलेला होता आणि सकाळपासूनच ऊन तापले होते. त्या दिवशी एका गावातल्या चितारणीची सात वर्षांची मुलगी, गोदी, तापाने गेली.

महिन्याने चितारणीने कागदावर गोदीचे चित्र काढले. उंबऱ्यात बसून पायातला काटा काढणारी, खालचा ओठ दातांत धरलेली गोदी. मग रेघांवर सुईने बारीक भोके पाडली. असा कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की चित्र भिंतीवर उतरते. त्या कागदाला खाका म्हणत. चितारणीने तो मागेल त्याला फुकट वापरू दिला. वर्षभरात चाळीस घरांच्या दारांशी गोदी बसली. दरम्यान चितारणीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. पाण्याला जाताना ती प्रत्येक दाराशी थांबे आणि नाक भिंतीला टेकवून लेकीला पाही.

परगावचे लोक चित्र पाहायला येऊ लागले. तेव्हा गावच्या इनामदाराला वाटले, एवढ्या नावाजलेल्या चित्राचा धनी आपण असावे.

तो म्हणाला, "चितारीणबाई, चित्र माझ्या नावावर लिहून द्या. खाकाही द्या. तुमचं घर नव्याने शाकारून देतो."

तो गेल्यावर शेजारची शिंपीण म्हणाली, "दे की लिहून. उद्या चांदणंही लिहून मागेल. चित्र माझ्या भिंतीवर आहे, तुझ्या भिंतीवर आहे. कागद काय चाटायचाय त्याला?"

चितारणीला हसू आले, वर्षात पहिल्यांदाच. छप्पर गळत होते. नवे चित्र काढण्याइतकी नजर उरली नव्हती, मग खाका ठेवून तरी काय करायचे? तिने अंगठा उठवला.

आठव्या दिवशी दवंडी फिरली. गोदीचे चित्र आता इनामदारांचे आहे, बाकीच्यांनी आपापल्या भिंती पुसाव्यात.

चितारीण इनामदाराकडे गेली. "मालक, लोकांच्या भिंतींमुळे तुमचं काय कमी होतं?"

"सगळ्यांकडे असेल, तर माझ्याकडे वेगळं काय आहे, बाई?"

"माझ्या घरातली तरी राहू द्या. लेक आहे माझी."

"लेक तुमची. चित्र माझं. अंगठाही तुमचाच आहे."

गाव इनामदाराच्या विहिरीचे पाणी पीत होते. लोकांनी चुना कालवला. शिंपिणीनेही आपली भिंत पुसली. चितारीण दुपारपर्यंत भिंतीला नाक लावून उभी राहिली, मग तिने कुंचा उचलला आणि चुन्याचे दोन हात दिले.

इनामदाराने माजघराच्या भिंतीवर गोदी उतरवून घेतली आणि कुणी चोरू नये म्हणून खाका जाळला. पहिल्या वर्षी पाहुणे आले, वाहवा करून गेले. पण गावात शिरताना कुठल्याच दाराशी ते चित्र दिसेना, तेव्हा लोकांचे त्याविषयी बोलणेही थांबले. तिसऱ्या वर्षी आलेल्या व्याह्याने विचारले, "ही कोणाची पोर?" इनामदाराने सांगितले. व्याही म्हणाला, "असं होय," आणि त्याने पान मागितले.

पुढे मुलाच्या लग्नासाठी माजघराला रुंद दार हवे होते. इनामदाराने ती भिंत पाडली.

लग्नानंतर चितारीण शिंपिणीचा हात धरून आली. "मालक, एकदाच जवळून पाहू द्या."

"भिंत नाही आता. तिथे दार केलंय."

"बरं," चितारीण म्हणाली. मग तिने शिंपिणीला विचारले, "काटा कुठल्या पायात होता गं? डाव्या, की उजव्या?"

शिंपिणीला आठवेना. वाटेत त्यांनी अकरा घरी विचारले. सहा जण डावा म्हणाले, पाच जण उजवा.

तात्पर्य एवढेच: सगळ्यांचे असल्यामुळे जे मोलाचे झाले, ते एकट्याच्या नावावर करून घेतले की कुणाचेच राहत नाही.