बोरडोहाचे ताईत

खरं तर हे मी सांगायला नको. या झाडाबद्दल आमच्या गावात पाहुण्यांशी बोलत नाहीत. पण बाबा अजून नावेतलं पाणी उपसताहेत, आणि तुम्ही बसायला नेमकी हीच बाभूळ निवडलीत. वर फांद्यांना तांब्याचे ताईत दिसतात ना? काही हिरवे पडलेत, काहींचा दोरा सालीत रुतून बसलाय.

असं सांगतात की फार पूर्वी या बोरडोहाच्या काठी ठकूबाई नावाची भोईण राहायची. तिचा एकुलता मुलगा भिवा नाव चालवायचा. एका वर्षी पूर उतरेचना. बाजार पलीकडे, आणि गावात मीठसुद्धा उरलं नव्हतं. तरी पाण्याचा रंग पाहून भिवाने नाव बांधून ठेवली होती.

तेव्हा ठकूबाईला स्वप्न पडलं म्हणे. भिवाच्या गळ्यातला ताईत नावेच्या टोकाला बांधलेला, आणि नाव सुखरूप पैलतीराला लागलेली. स्वप्नात ताईत दिसणं शुभ, असं तेव्हा सगळे मानत. तिने ते आनंदाने घाटावर सांगितलं.

“काय रं भिवा, आता तरी सोडशील का नाव?” एका म्हातारीने टोमणा मारला. “का देवानं सोत्ता येऊन वल्हं मारायचं?”

भिवा हसला. “आये, माझा गळा बोडका करून नावंला दागिना घालतीस व्हय?” त्याने ताईत काढला आणि नावेच्या टोकाला बांधला.

ते पाहून एरवी चढले नसते तेही चढले. लेकुरवाळ्या, म्हातारे, दोन शेळ्या. मधल्या धारेत पाणी आत यायला लागलं. ओझं कमी व्हावं म्हणून भिवाने पाण्यात उडी घेतली आणि पोहत पोहत नाव रेटली. नाव पैलतीराला लागली. माणसं वाचली, शेळ्याही वाचल्या. मागे वळून पाहिलं, तर भिवा नव्हता.

स्वप्न खोटं नव्हतं. ताईत ज्याला बांधलेला दिसला ते तरलं. ज्याच्या गळ्यातून उतरला, तो बुडाला.

ठकूबाईने तो ताईत या बाभळीला बांधला. “म्या त्वांडानं सांगितलं. तुमी कुनी सांगू नगा,” एवढंच म्हणाली. त्यानंतर मरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही म्हणतात.

आजही गावात कुणाला स्वप्नात ताईत दिसला, तर तो घरच्यांनाही सांगत नाही. गळ्यातला ताईत काढून गुपचूप इथे बांधतो. बांधताना कुणाच्या नजरेस पडायचं नाही. झाडावर नवा ताईत दिसला की तो कुणाचा, हे नावाडी विचारत नाही. त्या दिवशी नाव निघत नाही, बस. बाबा रोज सकाळी आधी झाड बघतात. आजही बघितलं. नवं काही नव्हतं. कालपासून पाणी चढतंय. मी उजाडताच आले होते, पण तुम्ही पहाटेच्या एसटीने येऊन आधीच इथे बसला होतात, तेव्हापासून कुणी उठलंच नाही, आणि माझ्या मुठीतला हा ताईत अजून—

“रेवती! पाहुण्यांना घेऊन ये गं, नाव लावलीय!”