धोंडाक्काची पिपाणी

देवळापुढचा उंबर माणसाच्या कमरेएवढाच होता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. मला जिनं सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं, आणि ती तर अख्ख्या गावात थोरली होती.

उंबरवळ गावची माणसं तेव्हा फार मायाळू. इतकी मायाळू, की त्यांच्या मायेनंच माणसं मरायची. कुणी जिवावरच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, की सारं गाव त्याला बघायला जायचं. दारं-खिडक्या लावून घ्यायची, भिंतीशी ओळीनं बसायचं आणि अवाक्षर न बोलता टक लावून बघायचं. त्याला जराही हलवायचं नाही, बिचाऱ्याला त्रास नको. उठताना त्याच्या आवडीचा घास त्याच्या तोंडात घालायचा, कारण कुणी सांगावं, हाच शेवटचा असेल. एवढी माणसं रोज कामधंदा सोडून येतात, त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, असं मग रोग्यालाही वाटू लागायचं. आणि तो भिडेखातर डोळे मिटायचा, असं म्हणतात.

या गावात धोंडाक्का परटीण राहायची. साऱ्या गावाची धुणी ती नदीवर धुवायची आणि मळकी कापडं भट्टीत घालून उकळायची. तिच्या नवऱ्याची घाटाच्या पायरीवर घसरून मांडी मोडली, तेव्हा गाव रीतीप्रमाणं बघायला आलं. रीतीप्रमाणं कुणी त्याला हलवलं नाही. बरेच दिवस तो उताणा पडून होता आणि मग गेला. तेराव्यानंतर धोंडाक्का त्याची चादर धुवायला बसली, आणि चादरीनं तिला सगळं सांगितलं. पायाखालचं कापड कोरडं, स्वच्छ होतं. पाठीखालचं पू आणि रक्तानं कडक झालं होतं. मांडी जुळत आली होती, माणूस पाठीनं सडून गेला होता. त्या दिवशी धोंडाक्का एवढी रडली, की नदीकाठच्या खालच्या गावाला पाणी खारट लागलं, असं म्हणतात. मग तिनं डोळे पुसले, चादर पिळली आणि ठरवलं, की यापुढं या गावात कुणाला पडल्या पडल्या मरू द्यायचं नाही.

तेव्हापासून कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं, की धोंडाक्का आपणहून जायची. आधी खिडक्या उघडायची. जखमेवरचं फडकं भट्टीत उकळून, उन्हात वाळवूनच बांधायची. तिनं चादर झटकली, की त्या घरातल्या माशा उडून थेट पलीकडच्या पिसोळीत जायच्या, आणि पिसोळीकर त्यावरून अजून आपल्याशी भांडतात. ती अंगणात असतानाच आतल्या माणसाला ताप किती आहे ते ओळखायची. आणि तिचं मोठं काम म्हणजे कूस वळवणं. तव्यावरची भाकरी उलटावी तशी ती माणसाला वळवायची, आणि त्याची झोपही मोडायची नाही.

पण खरी गंमत झाली ती कोंडिबाच्या वेळी.

कोंडिबा हा गावचा शिंगाड्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भैरोबाची पालखी निघे, तेव्हा कोंडिबा आधी शिंग फुंके, आणि मगच पालखी उठे. शिंगाशिवाय पालखी जागची हलत नाही, ही देवाची आण. असा हा मानाचा माणूस, पण थोडा मिजासखोर. बेंदराच्या मिरवणुकीत पाटलांचा खोंड झुली-गोंडे घालून उभा होता. त्याच्या अगदी कानाशी जाऊन कोंडिबानं शिंग फुंकलं. खोंडाला ते आवडलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि कोंडिबाचं पोट फाडलं.

पेठेतले दस्तगीर हकीम घोड्यावरून आले. कापण्या-शिवण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात कुणी नव्हता. त्यांनी बघितलं, आतडं शाबूत होतं. जखम धुऊन त्यांनी पोट असं बारीक शिवलं, की बघणाऱ्या शिंप्यानं कान पकडले. मग हात धुता धुता ते धोंडाक्काला म्हणाले, "अक्का, शिवण माझी झाली. आता माणूस तुमचा."

"जगंल न्हवं?" कोंडिबाच्या बायकोनं, साळूनं विचारलं.

"ते आता तुम्ही सगळे त्याच्याशी कसं वागता त्याच्यावर आहे," हकीम म्हणाले, आणि घोड्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी गाव बघायला आलं. कोंडिबाला पुरणपोळी आवडते हे साऱ्यांना माहीत, म्हणून प्रत्येकीच्या हातात तुपानं थबथबलेली पुरणपोळी. नुकतं शिवलेलं पोट, आणि त्यात ही माया. साळूही डोळे पुसत म्हणाली, "एक घास घालू द्या त्येला अक्का. मन मारून जायाला नगं."

"जायाला न्हाई, ऱ्हायाला मन मारतोय त्यो," धोंडाक्का म्हणाली. ती उंबऱ्यावर मांडी घालून बसली आणि आलेली प्रत्येक पोळी घेऊन स्वतःच खाल्ली. सांजेपर्यंत एकही पोळी उरली नाही. शेवटी शेवटी कोंडिबापेक्षा हिचंच काय होतंय, असं लोकांना वाटू लागलं, असं म्हणतात.

एवढं करून ती थांबली नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाला तिनं उंबऱ्यावर अडवलं आणि विचारलं, "भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं?"

हे कोडं पोराटोरांनाही ठाऊक. लोक म्हणाले, "न फिरवल्यामुळं."

"मग माझा नवरा का मेला?"

गाव खाली मान घालून उभं राहिलं. मग धोंडाक्का म्हणाली, "कुणी बघायला यायचं न्हाई. वळवायला या."

पहिले सापडले खुद्द पाटील.

"अगं, मी पाटील हाय," ते म्हणाले.

"म्हंजी अंगात ताकद हाय. धरा पायाकडनं."

पाटलांनी धरलं. खोंड त्यांचाच होता, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं. मग पाळ्या लागल्या. कुणी कूस वळवायची, कुणी पाठीला खोबरेल लावायचं, कुणी फडकी उकळायची, कुणी भांडं उचलायचं. कोंडिबाच्या पोटाला कान लावून धोंडाक्का रोज ऐकायची. पोट गप्प होतं तोवर पाण्यानं नुसते ओठ ओले. एका सकाळी आत गुडगुड झाली, आणि घटकाभरानं कोंडिबाचा वारा सरला. एरवी असल्या आवाजावर लोक नाक धरतात. त्या दिवशी उंबरवळनं टाळ्या वाजवल्या आणि पाटलांनी साखर वाटली, असं म्हणतात. मग पेजेचं पाणी सुरू झालं.

सगळं ठीक चाललंय असं वाटलं, आणि ताप चढला. जखम चांगली होती, पण छातीत घरघर वाजू लागली. धोंडाक्कानं ओळखलं. श्वास घेतला की टाके ओढायचे, म्हणून कोंडिबा चिमणीसारखा वरवर श्वास घेत होता. खोकला तर तो गिळूनच टाकायचा. छाती भरत चालली होती. धोंडाक्का म्हणाली, खोक. साळूनं पाया पडून सांगितलं, खोका. कोंडिबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवशी धोंडाक्का पहिल्यांदा घाबरली.

ती उठली आणि बाजारातून एक पिपाणी घेऊन आली. ताडाच्या पानाची, पोरं जत्रेत वाजवतात तसली. टाक्यांना आधार म्हणून तिनं वाकळेची, म्हणजे जुन्या गोधडीची, घट्ट घडी घालून कोंडिबाच्या पोटावर ठेवली, त्याचे दोन्ही हात तिच्यावर दाबले आणि पिपाणी त्याच्या तोंडापुढं धरली.

"ही मी वाजवू?" कोंडिबा म्हणाला. "मी शिंगाड्या हाय अक्का."

"आता कुठला? पालखीला पिसोळीचा शिंगाड्या ठरवलाय."

हे साफ खोटं होतं. पिसोळीचा शिंगाड्या शिंग फुंकायचा ते पडसं झालेल्या रेड्यासारखं, हे कोंडिबा जन्मभर सांगत आला होता.

"त्यो रेडा? माझ्या देवाफुडं?"

"काय करनार बाबा. तुझ्यात तर पिपानी वाजवायचा बी दम न्हाई."

कोंडिबानं पिपाणी हिसकावली. वाकळ पोटाशी आवळली, छाती भरून घेतली, आणि फुंकली. पीं. एवढासाच आवाज आला, पण त्यामागून आतून खोकला उसळला, आणि साचलेलं सगळं बाहेर पडलं. धोंडाक्का पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "आनिक एक, राजा, आनिक एक." तो चिडून फुंकत राहिला. दिवसभर पीं पीं ऐकून गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली. सांजेला ताप उतरला, आणि साळू चुलीपुढं बसून मोकळेपणी रडली.

पुढं धोंडाक्कानं त्याला बसवलं, उभं केलं, दोन्हीकडून धरून अंगणात फिरवलं. श्रावणातला शेवटचा सोमवार आला तेव्हा कोंडिबा आपल्या पायांनी देवळात गेला आणि त्यानं शिंगाला हात घातला. धोंडाक्कानं तो हात तिथंच धरला.

"शिंगाच्या जोराला ही शिवन अजून टिकायची न्हाई. फाटंल."

"अक्का, पालखी उठायची कशी मग?"

सारं गाव थांबलं होतं. खांदेकऱ्यांनी जोर लावून पाहिला, पण पालखी दगडासारखी बसून राहिली. शिंग फुंकावं तर कोंडिबा जातो, न फुंकावं तर देव बसून राहतो. कोंडिबानं एकदा शिंगाकडं बघितलं, एकदा धोंडाक्काकडं. मग त्या मिजासखोर माणसानं चारचौघांत मुंडाशातून ती पोरांची पिपाणी काढली, वाकळेची घडी पोटाशी धरली, डोळे मिटले आणि फुंकली. पीं. त्या बारीक आवाजावर पालखी अशी हलकी उठली, की खांदेकऱ्यांना खांद्यावर काही आहे असं वाटेचना. ती खांद्याच्या वीतभर वरूनच गेली, असं म्हणतात. लोक हसत होते, रडत होते, आणि धोंडाक्का मागून ओरडत होती, "हळू चाला रं, टाकं नवं हाईत."

पुढच्या साली कोंडिबानं शिंग फुंकलं, तेव्हा पिसोळीच्या झाडांवरच्या कैऱ्या पडल्या. श्रावणात कैऱ्या कुठल्या, ते मला विचारू नका.

धोंडाक्का पुढं पिकून म्हातारी झाली आणि एकदा अंथरुणाला लागली. तेव्हा वळवायला इतकी माणसं आली, की रांग नदीपर्यंत गेली. वळवता वळवता तिचं वयच मागं वळलं, ती उठली आणि स्वतःची चादर घेऊन धुवायला गेली. त्यानंतरही ती किती वर्षं होती, त्याचा कुणाला पत्ता नाही.

आता गावात मोटारी आल्या, तालुक्याला मोठं हॉस्पिटल झालं. ऑपरेशनं तिकडं होतात. पण माणूस घरी आला, की उंबरवळमध्ये आजही कुणी बघायला जात नाही. वळवायला जातात. आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शिंगाच्या आधी पिपाणी वाजते. त्या साली जो कुणी मरणाच्या दारातून परत आला असेल, त्याचा तो मान. गेल्या साली हिराबाई लोणारी होती. हृदयाचं ऑपरेशन झालेली, छातीशी वाकळेची घडी धरलेली, आणि हसू आवरत नव्हतं म्हणून तिला फुंकताच येईना.

गुरव तिच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं साऱ्या गावाला विचारलं, "भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं?"

"न फिरवल्यामुळं," गाव म्हणालं.

"आणि ही का जगली?"

तेव्हा लहानथोर सगळे एका आवाजात म्हणाले, "फिरवल्यामुळं." मग हिराबाईनं पिपाणी फुंकली, आणि पालखी उठली.