फाटकातलं ऑक्लूजन

जिल्हा रुग्णालयाच्या नव्या हृदयविभागाचं उद्घाटन होतं. मंत्री रावसाहेब ढमढेरे यांच्या स्वागताची कमान नेमकी रुग्णालयाच्या फाटकातच ठोकली होती. तिच्याखाली रुग्णवाहिका अडकली, आणि ती सुटेपर्यंत आत झोपवलेल्या शेवंताबाई गेल्या.

मंत्र्यांनी डॉक्टर नेर्लेकरबाईंना सगळ्यांसमोर दरडावलं, "बाहेर पत्रकार उभे आहेत. मृत्यूचं कारण एका शब्दात सांगा. आणि त्या शब्दात कमान येता कामा नये!"

"ऑक्लूजन," बाई म्हणाल्या.

मंत्री खूश झाले. "वा! म्हणजे काय?"

"वाट बंद होणं. ती दोन ठिकाणी बंद झाली, साहेब. एक शेवंताबाईंच्या हृदयाच्या नळीत. ती आम्ही उघडली असती. दुसरी फाटकात. तिथं कमानीवर तुमचा फोटो होता, म्हणून ती तोडायची कुणाची छाती झाली नाही."

मंत्र्यांनी दात करकचून आवळले.

शेजारी उभे असलेले दंतवैद्य बोंद्रे त्यांच्या जबड्याकडे बघत म्हणाले, "वरचे दात खालच्यांवर असे बसले की आम्हीही त्याला ऑक्लूजनच म्हणतो. फक्त यानं कुणी मरत नाही."