टिटवीची अंडी आणि सात दरवाजे

त्या राज्यात पाऊस किती पडणार हे टिटवीच्या अंड्यांवरून ठरत असे. तिने अंडी उंच माळावर घातली तर पाऊस भरपूर. मग धरणाचे सातही दरवाजे आधीपासून थोडे थोडे उघडे ठेवायचे. नदीच्या पात्रात, वाळूत घातली तर पाऊस बेताचा. मग थेंबही सोडायचा नाही. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुना होता, एवढं पुरे होतं.

राजा होता गवा. तलाव काठोकाठ भरला की तो खणा-नारळाने पाण्याची ओटी भरायचा. अर्ध्या तलावाची ओटी भरणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याच्याकडे कारभारी म्हणून एक उदमांजर होतं. राजाच्या मनात काय आहे हे त्याला राजाच्या आधी कळायचं. दरवाजांच्या राखणीला एक म्हातारं कासव होतं.

त्या वर्षी दरवाजे गच्च बंद होते आणि खाली पात्र कोरडं ठणठणीत पडलं होतं. माळावर मुंगसांचा सुळसुळाट झालेला. टिटवीची गेल्या वर्षीची चारही अंडी त्यांनी फस्त केली होती. ती कासवाकडे आली.

“दादा, यंदा वाळूत उतरू का? पाणी सोडणार नाही ना?”

“दरवाजे बंद आहेत बाई,” कासव म्हणालं. “खुशाल उतर.”

तिने वाळूत चार अंडी घातली. दुसऱ्याच दिवशी उदमांजर येऊन ती पाहून गेलं, आणि हुकूम सुटला: अंडी पात्रात आहेत, पाऊस बेताचा, दरवाजे बंदच राहतील.

तीन आठवडे कासव भिंतीच्या पायऱ्या मोजत राहिलं. पाऊस तर लागला होता आणि भिंतीची रोज एक पायरी बुडत होती. ते दरबारात गेलं.

“महाराज, ती आपल्या दरवाजांकडे बघून खाली उतरली. आणि आपण तिच्याकडे बघून दरवाजे बंद ठेवतोय. यात पावसाला कुणी विचारलंच नाही.”

मग उदमांजर म्हणालं, “म्हणजे दोन्हीकडून दुजोरा मिळाला की.”

सगळे हसले. कासवाने हात जोडले. “एक दरवाजा वीतभर उघडू द्या. पाणी मधल्या धारेने जाईल, तिची वाळू शाबूत राहील. पिल्लं बाहेर पडायला आठच दिवस आहेत.”

“ओटीला चार पायऱ्या कमी आहेत,” राजा म्हणाला. विषय संपला.

चौथ्या दिवशी भर दुपारी राजाने ओटी भरली. नारळ पाण्यात पडला तेव्हा वरच्या डोंगरावर ढग फुटला होता. घटकाभरात भिंत हादरू लागली. ज्याने थेंब सोडू दिला नव्हता तेच उदमांजर ओरडलं, “सातही उघडा, एकदम उघडा!”

दरवाजे उघडण्याआधी खाली वर्दी द्यायची, असाही एक नियम होता, आणि वर्दी द्यायचं काम राखणदाराचं होतं. राखणदार कासव होतं. हे आजवर कुणाला खटकलं नव्हतं. ते जिवाच्या आकांताने निघालं. पहिल्या वळणावर पाणी त्याच्या अंगावरून पुढे गेलं.

तीन वळणं खाली ते काठाला लागलं. वाळू नव्हतीच. गढूळ पाण्यावर टिटवी एकाच जागी घिरट्या घालत होती आणि ओरडत होती. मान आत ओढून घ्यावी असं कासवाला वाटलं. त्याने ओढली नाही. खुशाल उतर, असं सांगणारं तोंड त्याचंच होतं.

पुढे चौकशी झाली. चुकीच्या जागी अंडी घालून टिटवीने राज्याची दिशाभूल केली, असा निष्कर्ष निघाला. तो वाचून दाखवायला कासवालाच उभं केलं होतं.

पुढच्या वर्षी टिटवी पात्राकडे फिरकली नाही. तिने अंडी घातली थेट धरणाच्या भिंतीवर, जिथून राजा ओटी भरायचा त्या दगडावर. इतक्या उंच अंडी राज्यात कुणी पाहिली नव्हती. नियमाप्रमाणे सातही दरवाजे त्याच दिवशी उघडायला हवे होते. दरबार दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसला.

संध्याकाळी उदमांजर पात्रात उतरलं. त्याने चार गोल गोटे निवडले, त्यांवर कोळशाने ठिपके काढले आणि वाळूत नीट मांडले. हुकूम सुटला: अंडी पात्रात आहेत, दरवाजे बंदच राहतील.

कासवाला हे चार दिवसांनी कळलं. ते गोटे उचलून फेकायला ते खाली उतरलं. तिथे टिटव्यांचं एक कोवळं जोडपं बसलं होतं, दूरच्या माळावरून आलेलं.

“आमचं पहिलंच घरटं आहे, आजोबा,” मादी म्हणाली. “इथे आधीच कुणीतरी घातलेली दिसली, म्हटलं जागा सुरक्षित असणार.”

ती जरा बाजूला सरकली. कासवाने एकेका अंड्याला हळूच पाय लावून पाहिला. चार गार होती. चार उबदार होती. त्याने वळून भिंतीकडे पाहिलं. वरून चौथ्या पायरीला पाणी लागलं होतं.