घंटेचा दोर

"आज झेंड्याला कसं जायचं, तात्या? रविवार प्रभूचा!"

नहेम्या ताठ मानेनं बोलला. धर्मशिक्षण पुरं करून नुकताच गावी आलेला, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि आज चर्चमध्ये त्याचं पहिलं प्रवचन. स्वातंत्र्याला वर्ष झालं, तो दिवस नेमका रविवारी आला होता.

तात्या म्हणजे तिथले जुने पाळक. बोलायचे कमी, पण त्यांच्या गप्प बसण्यालाही गाव मान द्यायचं. पायरीवर बसून पायाचा चिखल खरडत होते.

तेवढ्यात पाटील धापा टाकत आले.

"तात्या, घोटाळा झाला. झेंड्याचा दोर तुटला. विहिरीचे दोर हे जाडजूड, खांबाच्या कप्पीत शिरंनात." मग नहेम्याकडं वळले, "काय धाकले पाळक, येताय ना? का तुमचा झेंडा निराळा?"

"आमचं राज्य स्वर्गात आहे, पाटील."

"असं होय? मग जोंधळा हितं का पेरता?"

नहेम्याचे कान लाल झाले.

तात्या उठले. चर्चच्या घंटेखाली जाऊन तिच्या दोराची गाठ सोडली, वेटोळं केलं आणि नहेम्याच्या हातात ठेवलं.

"तूच घेऊन जा."

"अहो तात्या, मळ्यात घड्याळ आहे कुणाकडं? घंटेवर येतात माणसं. माझं प्रवचन काय भिंतींनी ऐकायचं?"

तात्या पुन्हा चिखल खरडायला बसले...

नहेम्या गेला पाय आपटत. चावडीपुढं गाव लोटलेलं. चर्चची मंडळीही आली होती, पण एका कडेला, अंग चोरून उभी. त्यांना तसं बघून तो थेट खांबापाशी गेला.

दोर ओवला. पाटलांनी ओढून पाहिला, झेंडा हलेना. त्या दोराची खोड नहेम्यालाच ठाऊक, पोरवयापासून घंटा त्यानंच वाजवलेली. पुढं झाला, घंटेला द्यायचा तसाच हिसका दिला, आणि झेंडा सरसर वर गेला. मान वर करून बघता बघता डोळे भरून आले. कडेची माणसं मधी कधी आली, कुणाला कळलं नाही.

परतला तो रिकाम्या हातानं.

"दोर खांबालाच राहिला, तात्या. आता घंटा कशी वाजवू?"

तात्यांनी त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं. अख्खी मंडळी चालत येत होती. मागोमाग पाटीलही.

"मघाशी वाजवलीस की."